झोंबी आले तर गोराई वाचेल का?

मागे एका श्रोत्याचा मेसेज आला होता, "दादा, झोंबी खरंच होऊ शकतात का? आणि झाले तर पळायचं कुठे?" मेसेज रात्री दोन वाजता आलेला आणि तेव्हा बारावीच्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळे विचारणाऱ्याची मनःस्थिती मला समजली. मी बीटेक करून कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण प्रश्न डोक्यात बसला. वाचत गेलो आणि झोंबीचं गणित शोधता शोधता थेट मुंबईतच येऊन पोचलो. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट निकालात काढू. मेलेला माणूस उठून चालणार नाही. स्नायू आकसायला ऊर्जा लागते हे आपल्याला माहीत असतं, पण आकसलेला स्नायू सैल पडायलाही ऊर्जा लागते. ती मिळते एटीपी नावाच्या रेणूतून. श्वास थांबला, ऑक्सिजन बंद झाला की एटीपी बनणं थांबतं आणि स्नायूंमधले प्रथिनांचे धागे एकमेकांत अडकून बसतात. म्हणूनच मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं. नंतर ते परत सैल पडतं, पण स्नायू बरे झाले म्हणून नाही, सडायला लागले म्हणून. त्यात आपली मुंबईची दमट हवा, आणि माश्या. "द वॉकिंग डेड" तिकडे अटलांटाजवळ कितीही सीझन चालू दे, मे महिन्यात गोराईच्या बीचवर तो कार्यक्रम आठवड्याभरात आटोपेल.

तेव्हा झोंबी हवाच असेल तर तो जिवंत हवा. जिवंत शरीर, पण त्याचा ताबा दुसऱ्याकडे. "झोंबिवली" आली २०२२ मध्ये, डोंबिवलीत घडणारी. त्याआधी २०१३ मध्ये "गो गोवा गॉन", त्यात पार्टीतली गोळी घेऊन लोक झोंबी होतात. "द लास्ट ऑफ अस" वाल्यांनी बुरशी निवडली आणि ती कल्पना हवेतली नाही. ऑफियोकॉर्डिसेप्स नावाची बुरशी खरंच मुंगीच्या शरीरात वाढते, तिला झाडावर चढायला लावते, पानाला चावून लटकायला लावते आणि मग मुंगीच्या डोक्याजवळून दांडा काढून बीजाणू खाली सोडते. गंमत म्हणजे ती मेंदूत शिरत नाही, स्नायूंभोवती जाळं विणते. कठपुतळीचे दोरे, बस. पण बहुतेक बुरशांना माणसाचं ३७ अंशांचं शरीर गरम पडतं. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस झाला तेव्हा बुरशी काय करू शकते ते आपण पाहिलंच, पण तीसुद्धा ऊती खाते, माणसाला चालवत नाही.

आता खरा उमेदवार. नाव तुम्हाला माहीत आहे. रेबीज.

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. त्याच्याकडे फक्त पाच जनुकं, आणि त्याचा पूर्ण कोड साधारण १२,००० अक्षरांचा. म्हणजे टेक्स्ट फाइल केली तर १२ केबी. तुम्ही सकाळी फॉरवर्ड केलेला गुड मॉर्निंगचा फोटो याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा कोडमध्ये त्याने जे जमवलंय ते बघून मला, खरं सांगतो, हेवा वाटला.

चाव्यातून तो स्नायूत उतरतो. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथून नसेत शिरतो. नसेच्या आत मालाची ने-आण करणारी स्वतःची व्यवस्था असते, टोकाकडून मध्याकडे सामान नेणारी. विषाणू त्या परतीच्या गाडीत चढतो. चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये विनातिकीट बसल्यासारखा. पण गाडी धीमी आहे, दिवसाला काही सेंटिमीटर. रक्तातून न जाता नसेतून गेल्यामुळे आपली प्रतिकारशक्ती त्याला बराच काळ पाहतच नाही. पायाला चावा असेल तर मेंदू लांब, चेहऱ्याला असेल तर जवळ. म्हणून लक्षणं दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षसुद्धा.

मेंदूत पोचल्यावर तो दोन कामं करतो. वागणूक बिघडवतो आणि नसांमधूनच उलटा प्रवास करून लाळग्रंथींत जातो. कुत्रा चवताळतो, त्याच वेळी त्याची लाळ विषाणूने भरलेली असते, आणि गिळता येत नसल्यामुळे ती तोंडात साठते. चावा आणि लाळ, दोन्ही एकाच वेळी तयार. माणसात पाणी समोर आलं तरी घशाचे स्नायू पिळवटतात, कधी नुसत्या वाऱ्याच्या झुळुकीनेही. सिनेमातला झोंबी बेभान असतो. रेबीजच्या रुग्णाला मधेमधे पूर्ण शुद्ध असते, आपल्याला काय होतंय ते त्याला कळतं. लक्षणं सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. यावर विनोद करणं मला जमणार नाही.

आपल्या देशात यामुळे वर्षाला किती माणसं जातात? जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा होता, आयसीएमआरच्या अलीकडच्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अंदाज सुमारे ५,७०० चा. कमी वाटला तरी रोज पंधरा माणसं होतात. तीही अशा रोगाने, ज्याची लस पाश्चरने ६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांच्या मुलाला टोचली होती.

आणि लसीची गंमत या धीम्या गाडीतच आहे. बहुतेक लसी आधी घ्याव्या लागतात. ही चावल्यानंतर घेतली तरी चालते, कारण विषाणू अजून वाटेत असतो आणि लस फास्ट लोकल पकडून पुढे जाते. पण गाडी सुटायच्या आधी.

आमच्या बिल्डिंगखाली गेल्या पावसाळ्यात एक डिलिव्हरीवाला मुलगा पोटरी चोळत उभा होता. कुत्र्याचा दात घासून गेलेला. "रक्त नाही आलं दादा, नुसतं खरचटलंय. अजून चार ऑर्डर आहेत." वॉचमनकाकांचं मत, वर तिखट दाबून लाव. मी मोबाईलवर पंधरा मिनिटांचा टायमर लावला आणि बागेच्या नळाखाली साबणाने त्याचा पाय धुवायला लावला. पंधरा मिनिटं ही किती लांब असतात ते तेव्हा कळतं, पाचव्या मिनिटाला तो म्हणाला "झालं की". साबणच का? या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं. साबण ते वेष्टण फोडतो, अगदी तव्यावरच्या तेलासारखं. तिखट, चुना, हळद यातलं काहीही हे करत नाही, उलट जखम चिघळते. घट्ट पट्टी नको, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टाके नकोत.

रक्त न येता नुसता ओरखडा असेल तरी लस लागते. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतच सीरमही द्यावं लागतं, कारण लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात आणि सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते. त्वचेत देतात तेव्हा दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवशी आणखी एक. पोटातली चौदा इंजेक्शनं विसरा. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादन थांबलं. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, पण घरातली भीती मात्र अजून तीच आहे. त्या मुलाने सगळे डोस घेतले. अठ्ठाविसाव्या दिवसाची आठवण मात्र मला करून द्यावी लागली.

मग रेबीजचा झोंबी-उद्रेक का होत नाही? कारण माणूस शेवटचं स्टेशन आहे. माणसाकडून माणसाला रेबीज चाव्यातून गेल्याचं जवळजवळ घडतच नाही, आणि लक्षणांनंतर रुग्ण काही दिवसच जगतो. कुत्र्यांमध्येसुद्धा एक आजारी कुत्रा सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतो. हा आकडा म्हणजे आर-नॉट, कोविडमध्ये सगळ्यांना पाठ झालेला.

आणि इथेच मुंबई येते. साथीच्या गणिताचा पाया मानला जाणारा शोधनिबंध १९२७ चा, केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांचा. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक लष्करी डॉक्टर, भारतात कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले, म्हणजे जिथे रेबीजचीच लस देत. त्यांनी आपलं समीकरण पडताळायला कुठला आलेख घेतला? मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचा, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. घंटेच्या आकाराची ती रेघ आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. प्लेग मुळात उंदीर-पिसवांचा रोग, त्यामुळे ते मॉडेल प्लेगला नीट बसत नाही असं पुढच्या गणितज्ञांनी दाखवलं. ते बरोबरच आहे, पण पद्धत टिकली.

पद्धत सोपी. लोकांचे तीन डबे करा: अजून न झालेले, झालेले, आणि बाजूला पडलेले (बरे किंवा मृत). एका डब्यातून दुसऱ्यात किती वेगाने जातात ते लिहा. २००९ मध्ये कॅनडातल्या चौघांनी याच डब्यांमध्ये झोंबी भरले आणि खराखुरा शोधनिबंध लिहिला. एकच बदल केला: मेलेले परत उठतात, म्हणजे तिसऱ्या डब्यातून दुसऱ्यात गळती. मी ते तीस ओळींच्या पायथॉनमध्ये बसवलं. झोंबी मारण्याचा वेग वाढवून पाहिला, चौपट, दहापट. शेवट बदलत नाही, फक्त लांबतो, कारण मारलेला प्रत्येक झोंबी परत रांगेत येतो. गळती शून्य केली आणि माणसं जितकी चावली जातात त्याहून जास्त वेगाने झोंबी मारले, की माणसं वाचतात. थोडक्यात, सिनेमातला सगळा निराशावाद त्या एका गळक्या डब्यात आहे. खऱ्या रोगांत मेलेले परत येत नाहीत.

पण समीकरणात न बसणारी एक गोष्ट सिनेमात अगदी अचूक असते: चावा लपवणारं पात्र. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच, बाही खाली ओढून बसलेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी प्लेग ओळखला. नंतर शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडले. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या काळात सोजिरांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, रुग्णांना उचलून नेलं, तेव्हा लोकांनी आजारी माणसं माळ्यावर, कपाटामागे दडवली. पुढे काय झालं ते चापेकर बंधूंमुळे शाळेतच शिकलोय. त्याच वर्षी जानेवारीत इकडे मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. एकीकडे दार फोडून आत येणारा सोजीर, दुसरीकडे स्वतःचा दंड पुढे करणारा शास्त्रज्ञ. बिल्डिंगखालचा तो मुलगाही चावा लपवतच होता, फक्त त्याला भीती चार ऑर्डरींची होती.

आता पळायचं कुठे. आधी खुलासा, कारण रिक्षावालेही गोंधळतात: गोराई दोन आहेत. एक बोरिवलीतली, म्हाडाची, जिथे मी राहतो. दुसरी खाडीपलीकडची, गावठाण, चर्च आणि बीचवाली. किल्ला म्हणून दुसरी उत्तम. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, मधे कांदळवन. तिथल्या चिखलात ओहोटीला धडधाकट माणूस गुडघाभर रुततो, मेंदू नसलेल्या झोंबीचं काय घेऊन बसलात. बोरिवलीकडून फक्त बोट, म्हणजे बोटी बंद केल्या की ते दार बंद. खुष्कीचा रस्ता भाईंदर-उत्तनवरून, तो मात्र धरावा लागेल. मासे आहेत. पॅगोडाच्या घुमटाखाली एका वेळी आठ हजार माणसं बसतात, आणि विपश्यनेमुळे कुणी आवाज करणार नाही. झोंबी आवाजाकडे येतात म्हणे. अडचण एकच, सगळ्या बोरिवलीला हीच आयडिया सुचेल आणि जेट्टीवर जे होईल ते झोंबीपेक्षा वाईट असेल.

गंमत सोडून सांगतो, अशी चिंचोळी जागा खऱ्या रोगासाठी खरंच उपयोगाची आहे, फक्त तटबंदी माणसांऐवजी कुत्र्यांभोवती घालायची. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की रेबीजची साखळी तुटते. आर-नॉट इतका कमी असताना ७० कशाला? कारण कुत्री मरतात, पिल्लं जन्मतात, बाहेरून नवी येतात, आणि आज गाठलेला आकडा वर्षभरात घसरतो. गोव्यात जाळ्या घेऊन फिरणाऱ्या टीम हेच करत आल्या. लस दिलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण, फोनवरच्या ॲपमध्ये जागेची नोंद, आणि मग परत गल्लीत फिरून खुणा असलेली आणि नसलेली कुत्री मोजणं. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. "गो गोवा गॉन" वाल्यांना हा सिक्वेल चालला नसता.

खाडीपलीकडच्या गोराईत कुत्री यायचे रस्ते मोजून दोन, त्यातला एक बोटीचा, आणि हो, आमच्या जेट्टीवरची दोन-तीन कुत्री खरंच बोटीने ये-जा करतात. तिकीट काढत नाहीत. ॲपची पहिली नोंद करायची झाली तर मी त्यांच्यापासूनच सुरुवात करीन.