लाकडातली दुर्लक्षित साखळी

रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचे बळ म्हटले की सेल्युलोज आणि लिग्निन यांचीच नावे पुढे येतात. हेमिसेल्युलोजला मात्र मधल्या फटी बुजवणारा भराव समजले जाते. त्याची रचना पाहिली की हा समज टिकत नाही. बर्चसारख्या झाडांत सुक्या लाकडाच्या वजनाचा साधारण १५ ते ३० टक्के भाग ग्लुक्युरोनोझायलान या हेमिसेल्युलोजचा असतो. पाच कार्बनच्या झायलोज साखरेची सुमारे २०० एकके ओळीने जोडली जाऊन त्याचा कणा बनतो. दर १० एककांमागे सरासरी सात ॲसिटिल गट आणि एक मिथिल-ग्लुक्युरॉनिक आम्ल या कण्याला लागलेले असते.

यावर आक्षेप असा, की सेल्युलोजची साखळी हजारो ग्लुकोजची आणि ही आखूड, शिवाय अल्कलीत विरघळणारी. मग तिच्यावर मदार कशी ठेवायची? पण तिचे सामर्थ्य लांबीत नाही, गटांच्या मांडणीत आहे. साखळीच्या बऱ्याच भागात हे गट सम अंतराने, म्हणजे एका आड एक एककावर येतात. त्यामुळे तिची एक बाजू मोकळी राहते आणि सेल्युलोजच्या तंतूला हायड्रोजन बंधांनी बिलगते. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात ॲसिटिल गट जनुकीय बदलाने घटले, तेव्हा पाणी वाहणाऱ्या नलिका आत दबल्या. ते रोप झाड नव्हे, हे खरे. पण त्याच्या नलिकांतला झायलान याच जातीचा आहे. भरावाच्या घडणीत फरक पडल्याने भिंत खचत नसते. म्हणून हेमिसेल्युलोजला लाकडाच्या बांधणीतला बरोबरीचा घटक मानायला हवे.