शार्ङ्गदेवाचे देशीताल आणि ऑलिव्हिए मेसियाँ

फ्रेंच संगीतरचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) ह्यांच्यावर भारतीय संगीताचा प्रभाव होता, हे विधान आता रूढ झाले आहे. ते असत्य नव्हे. परंतु ते इतके स्थूल आहे की, त्यातून फारसे काही उलगडत नाही. मेसियाँ ह्यांनी आपल्याकडून मुख्यतः घेतले ते एका ग्रंथातील तालांचे कोष्टक. हे कोष्टक कोणत्या वाटेने त्यांच्यापर्यंत गेले आणि वाटेत त्याचे काय झाले, हे पाहू लागलो म्हणजे हा प्रश्न संगीताइतकाच भाषांतराचाही आहे, असे ध्यानात येते.

मेसियाँ ह्यांचा जन्म आव्हिन्यों येथे झाला. वडील शेक्सपिअरचे फ्रेंच भाषांतरकार, आई सेसिल सोव्हाज कवयित्री. १९१९ साली ते पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत-विद्यालयात दाखल झाले. १९३१ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी तेथील त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनवादकाची सेवा केली. १९४१ पासून ते आपल्याच विद्यालयात अध्यापक झाले. बूलेझ आणि श्टोकहाउझेन हे त्यांचे शिष्य. श्रद्धेने ते कॅथलिक होते, आणि पक्ष्यांच्या गाण्याचे स्वरलेखन हा त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग होता.

ज्या कोष्टकाचा वर उल्लेख केला, ते देवगिरीचे. तेराव्या शतकात यादवराजा सिंघण ह्याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाध्याय. त्यात एकशेवीस देशीताल सांगितले आहेत. १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग ह्यांनी संपादिलेला हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापला. पुढे १९१३ साली लाव्हिन्याक ह्यांच्या फ्रेंच संगीतकोशात झोआनी ग्रोसे ह्यांचा भारतीय संगीतावरील विस्तृत लेख आला व त्यात ह्या तालांची यादी पाश्चात्त्य स्वरलिपीत दिली गेली. मेसियाँ ह्यांना देशीताल भेटले ते ह्या छापील पानावर.

त्यांना तेथे काय दिसले? शार्ङ्गदेवाच्या गणनेत लघू एक मानला, तर द्रुत अर्धा, गुरू दोन व प्लुत तीन. विरामाने मूळ मूल्यात त्याच्या निम्म्याची भर पडते. रागवर्धन हा ताल घ्या : द्रुत, विरामयुक्त द्रुत, द्रुत आणि प्लुत. अंकांत मांडल्यास अर्धा, पाऊण, अर्धा, तीन. मेसियाँ ह्यांनी तो उलट क्रमाने वाचला आणि प्लुताचे तीन लघू पाडले. मग तीन समान मूल्ये आणि त्यांच्यामागून त्यांचेच अर्धे रूप, मात्र मधले किंचित वाढलेले, अशी आकृती मिळाली. त्या वाढीत त्यांना ‘अधिक मूल्या’चे तत्त्व सापडले, आणि अर्धा-पाऊण-अर्धा ही मूल्ये कोणत्याही बाजूने वाचली तरी तीच राहतात, ह्यात ‘अपरिवर्त्य लयी’चे. १९४४ च्या आपल्या शास्त्रग्रंथात त्यांनी हे विवेचन केले आहे.

त्याआधीच, जर्मनांच्या कैदेत असताना, त्यांनी कालाच्या अंतासाठी म्हणून एक चतुर्वाद्यरचना सिद्ध केली होती. १५ जानेवारी १९४१ रोजी ती ग्योर्लित्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत प्रथम वाजविली गेली. तिच्या पहिल्या भागात रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश हे ताल जोडून पियानोला सतरा कालमूल्यांची माळ दिली आहे. तिच्यावर एकोणतीस स्वरसंघांची दुसरी माळ फिरते. दोन्ही संख्या मूळ असल्याने त्या माळांचे आरंभ फार काळ जुळत नाहीत, आणि कालाला अंत नसावा असा भास होतो.

आता हानी पाहू. आपल्या परंपरेत ताल हा कालाचे मोजमाप आहे. सशब्द व निःशब्द क्रियांनी हात तो दाखवितो. गाणे त्याच्या आधाराने चालते, त्याला ओलांडते, समेवर परतते. मेसियाँ ह्यांनी ते मोजमापच वाजविले. गजाचेच वस्त्र केले, म्हणा ना. आकडे अचूक उतरले. आवर्तन, हाताची क्रिया, गायकाशी असलेले नाते मागे राहिले. कोशातील शब्दार्थ बिनचूक असूनही वाक्याचा अर्थ हुकावा, हा अनुभव भाषांतरकारास नवा नाही.

म्हैसुरात हा भेद विशेष जाणवतो. येथील संगीताचा विद्यार्थी लघू टाळी देऊन व बोटे मोजून, आणि द्रुत टाळी देऊन व हात उलटा करून, आजही दाखवितो. येथील महाराज जयचामराजेंद्र वाडियार (१९१९–१९७४) पियानो शिकले, लंडनच्या फिलहार्मोनिया संस्थेचे आश्रयदाते झाले आणि त्यांनी चौऱ्याण्णव संस्कृत कृतीही रचल्या. दोन्ही परंपरा त्यांना शिक्षणातून मिळाल्या. मेसियाँ ह्यांना मिळाले ते केवळ पान.

तरीही ह्याला अपहार म्हणणे अन्याय्य होईल. ताल त्यांनी मूळ संस्कृत नावांनिशी नोंदविले, त्यांचे ऋण उघडपणे मान्य केले आणि आपल्या कल्पनेने त्यांतून नवे शास्त्र उभारले. मात्र त्या यशामुळे त्यांचे वाचन देशीतालांचे प्रमाण भाष्य ठरत नाही. ते आपले काम होते. ह्या एकशेवीसांपैकी बहुतेक ताल आपल्याच व्यवहारातून लोपले, आणि तालाध्याय हा तज्ज्ञांपुरता विषय उरला. मेसियाँ ह्यांच्या प्रभावाचा उच्चार करणाऱ्या समीक्षकाने आधी तो अध्याय हातात घ्यावा. मग त्यांनी काय घेतले आणि काय घेतले नाही, ह्याविषयी त्याला अधिकाराने बोलता येईल.