क्रिप्टोत पैसे बुडाले? आधी हे समजून घ्या

ॲपवर १२ लाख दिसतायत. पैसे काढायला गेलात की मेसेज येतो, 'आधी टॅक्स भरा.' तो भरला की प्रोसेसिंग फी मागतात. फीही भरली की ग्रुप बंद आणि फोनही बंद.

फसवणूक झालेले अनेकजण इथेच अडकतात, कारण मन त्या १२ लाखांचा हिशोब करत बसतं. पण ते १२ लाख कधी नव्हतेच. तो फक्त स्क्रीनवरचा आकडा होता. तुम्ही प्रत्यक्षात २ लाख भरले असतील, तर नुकसान २ लाखांचं आहे. आणखी एक गोष्ट. खरा आयकर सरकारकडे भरायचा असतो, पैसे सोडवायला ॲपवाल्याच्या खात्यात नाही.

मग प्रश्न पडतो, 'मी इतका मूर्ख कसा?' गेनबिटकॉइन आठवा. दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं आमिष त्यात दाखवलं होतं. देशभरातले हजारो लोक त्यात अडकले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. इतकी वर्षं लोटली तरी प्रकरण संपलेलं नाही.

आता काय करायचं?

- लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे बँक खात्यात असतील तर गोठवता येतात. क्रिप्टोचा व्यवहार मात्र उलटा फिरवता येत नाही.
- चॅट, वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा आयडी यांचे स्क्रीनशॉट ठेवा. काहीही डिलीट करू नका.
- राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा.

आता सर्वात मोठा धोका. काही दिवसांनी कुणीतरी 'हॅकर', 'वकील' किंवा 'सायबर अधिकारी' म्हणून संपर्क करेल. 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी द्या,' असं सांगेल. ही दुसरी फसवणूक असते. फसलेल्यांचे नंबर विकले जातात, आणि गेलेले पैसे परत मिळवायची घाई असलेला माणूस पुन्हा सहज फसतो.

म्हणून नुकसान मान्य करणं म्हणजे हार मानणं नव्हे. तक्रार चालू राहू द्या, पण ते पैसे परत येतीलच असं धरून कर्ज काढू नका, हप्ते ठरवू नका.

आणि आजच घरात एकाला तरी सांगा. लपवलेलं नुकसान भरून काढायलाच माणूस पुन्हा पैसे टाकतो.