ठिणगीची निगा

पेट्रोलची गाडी रस्त्यात बंद पडली की आपण आधी पेट्रोलचा काटा बघतो, मग बॅटरी. ठिणगी आठवते ती मेकॅनिकला. मोटारीचा इतिहास लिहिताना इंजिनाची ताकद आणि बॉडीची ऐट यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. मला मात्र तो इतिहास ठिणगी वेळेवर पडावी म्हणून माणसांनी केलेल्या खटपटीचा वाटतो.

कार्ल बेंझला ही अडचण सगळ्या अडचणींत मोठी वाटायची. १८८६ साली पेटंट घेतलेल्या त्याच्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि कॉइलवर चालणारी विजेची ठिणगी होती. त्याच काळात डाइम्लरच्या इंजिनात बर्नरने लाल केलेली नळी मिश्रण पेटवायची, म्हणजे गाडीत कायम उघडी ज्योत. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला त्या तीनचाकीने गेली, तेव्हा वाटेत इग्निशनच्या वायरचं वेष्टन झिजलं. तिने मोज्याचा पट्टा गुंडाळून वायर झाकली आणि पुढे निघाली. लांबच्या प्रवासातली इग्निशनची ही पहिली गाजलेली दुरुस्ती.

पुढे रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने बॅटरीशिवाय वीज तयार करणारा मॅग्नेटो मोटारीला बसवला आणि १९०२ साली तिथल्याच गॉटलोब होनॉल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग आणला. अमेरिकेत डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी मांडणी केली ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. तीच मांडणी थोड्याफार फरकाने पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर चालली. आपल्याकडे ती आणखी टिकली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर यांच्यावर मेकॅनिकांच्या दोन पिढ्या हात बसवत आल्या.

मांडणी अशी. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून जातात. पॉइंट मिटलेले असले की करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा जास्तही दाब उसळतो. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर तो दाब पाळीपाळीने प्लगकडे पोचवतो. पद्मिनीत १-३-४-२ या क्रमाने. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. एवढ्या वेळा पॉइंटचं ते इवलंसं तोंड उघडतं आणि मिटतं.

म्हणून पॉइंटची निगा हे खरं कसबाचं काम होतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच ढकलायची आणि कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणायचा. मग फिलर गेजची साधारण ०.४ मिमीची पाती फटीत सरकवायची. पाती किंचित अडखळली पाहिजे, पण पॉइंटचा हात हलता कामा नये. स्क्रू आवळला की फट बदलते, म्हणून पुन्हा मोजायचं. चांगला मिस्त्री हे दुसरं मोजणं कधी टाळत नसे. टाच झिजत जाते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. मग पिकअप जातो, इंजिन तापतं, अ‍ॅव्हरेज घसरतं. पॉइंटची तोंडं वारंवार जळत असतील तर नुसती पॉलिश पेपरने घासून उपयोग नसतो, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलावा लागतो. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली आणि पॉइंट नेमके मिटलेल्या जागी थांबलेले असले, तर कॉइल तापून कामातून जायची.

आणि मुंबईचा पाऊस! डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला ओल धरली, त्यावर रस्त्याची धूळ बसली की वीस हजार व्होल्टना पळायला वाट मिळते. प्लगपर्यंत जाण्याऐवजी ठिणगी टोपीवरूनच निसटते आणि जाताना कोळशाची बारीक रेघ मागे ठेवते. ती रेघ पुसून जात नाही, टोपीच बदलावी लागते. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन बघितलं तर जुनाट केबलवरून निळी किरणं सरपटताना दिसतात. केबल बदलायला याहून मोठा पुरावा नको. पाण्यात बंद पडलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर टोपी काढून कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसायचा आणि बऱ्याचदा तेवढ्यावर गाडी चालू व्हायची. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर हे ज्ञानही जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं, कारण अजून अशा पुष्कळ गाड्या हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत.

२००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, एमपीएफआय म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन आलं आणि पॉइंट गेले. आधी डिस्ट्रिब्युटर इलेक्ट्रॉनिक झाला, मग तोही गेला. आता क्रँकजवळचा सेन्सर इंजिनाची स्थिती सांगतो, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक हिशेब करतो आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. झिजणारं जवळपास सगळं काढून टाकलं. उरला तो प्लग. आणि नेमका तोच आपण विसरतो, कारण तो आता कॉइलखाली खोल विहिरीत दडलेला असतो.

प्लग बोलका असतो. टोकाजवळची चिनीमाती फिक्या चहाच्या रंगाची असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट ओलसर काळं असेल तर ऑइल वर चढतंय. पांढरंफटक आणि फोडांसारखं दिसलं तर इंजिन फार तापतंय किंवा प्लगच चुकीच्या हीट रेंजचा आहे. टोकाचं तापमान साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८५०च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागतं. म्हणून दुकानदार देईल तो प्लग घेऊ नये, मॅन्युअलमधला नंबरच मागावा.

साधे निकेलचे प्लग बहुतेक गाड्यांत वीस ते चाळीस हजार किलोमीटरमध्ये बदलावे लागतात, इरिडियमचे बऱ्याचदा लाखापर्यंत जातात. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं. त्याला फिलर गेजने उचकटू नये. प्लग काढताना इंजिन थंड हवं, कारण गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे पटकन जातात. आधी विहिरीतली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवावा. विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आधी बदलावं. त्या तेलात कॉइलचं रबर फुगतं आणि करंट गळू लागतो.

गाडी मिस मारू लागली की जुने मेकॅनिक चालू इंजिनावर एकेक केबल उपटून मेलेला सिलिंडर शोधत. नव्या गाडीत हे करू देऊ नका. झटका जीवघेणा ठरू शकतो आणि कॉइल किंवा ईसीयू जळू शकतो. त्याऐवजी इंजिन बंद करून संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. मिसिंग तिच्याबरोबर गेलं तर कॉइल खराब. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

पुण्याच्या बजाजने २००३ साली पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग दिले, तेव्हा तरुणांमध्ये प्लगची चर्चा पहिल्यांदाच हौसेने झाली. त्याच सुमारास आलेल्या होंडा सिटीतही चार सिलिंडरना आठ प्लग होते. मागचे चार हाताला पोचायला अवघड, म्हणून सर्व्हिसिंगमध्ये तेच राहून जाण्याची भीती.

सीएनजीवाल्यांनी तर प्लगकडे दुप्पट लक्ष द्यावं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लगचं टोक लवकर झिजतं, गॅप वाढतो आणि ताण कॉइलवर येतो. पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर टाकताच झटके खात असेल तर गॅस किट उघडण्याआधी प्लग बघा. सर्व्हिसिंगला गाडी देताना काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने परत मागा आणि मेकॅनिक देईल तेव्हा उजेडात एकेक फिरवून पाहा: चारांपैकी एकच वेगळ्या रंगाचा निघाला, तर गाडी घरी नेण्याआधी त्याच सिलिंडरबद्दल विचारा.