एव्हरेस्टवरील पेहराव : १९२१ ते १९५३

एव्हरेस्टच्या तिबेटकडील बाजूस १९२१ साली पहिले ब्रिटिश पथक गेले, तेव्हा अतिउंच पर्वतासाठी वेगळा पेहराव लागतो ही जाणीव फारशी रुजलेली नव्हती. आल्प्समध्ये वापरले जाणारे लोकरीचे कोट, स्वेटर, पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या आणि तळाला लोखंडी खिळे ठोकलेले चामडी बूट हेच हिमालयातही पुरतील असे मानले गेले. पुढील तीन दशकांचा मागोवा घेता असे दिसते की, नवी कापडे हाती येण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शरीराची ऊब कशी निघून जाते याचे ज्ञान निर्णायक ठरले.

या दृष्टीने १९२२ च्या मोहिमेतील जॉर्ज इंगल फिंच यांचे कार्य सर्वांत मोलाचे आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि झुरिचमध्ये शिकलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने बलूनच्या दाट विणीच्या कापडाचा कोट शिवून घेतला व त्यात आयडर जातीच्या बदकाची मऊ पिसे भरली. ऊब टिकते ती पिसांच्या जाळीत अडकून स्थिर राहिलेल्या हवेमुळे, आणि बाहेरचे कापड वारा रोखत असेल तरच ती हवा स्थिर राहते, हे त्यामागचे तत्त्व होते. सहकाऱ्यांनी आधी या फुगीर कोटाची थट्टा केली. परंतु कडाक्याच्या थंडीत त्याची योग्यता सिद्ध झाली. फिंच आणि जेफ्री ब्रूस यांनी त्याच मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांच्या आधाराने सुमारे ८,३२० मीटर गाठून उंचीचा नवा विक्रम केला. असे असूनही १९२४ च्या पथकात फिंच यांना स्थान मिळाले नाही, ही या इतिहासातील अत्यंत खेदाची गोष्ट होय. हेच फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते, हे मराठी गिर्यारोहकांनी आवर्जून लक्षात ठेवायला हवे.

१९२४ चा पेहराव मात्र समजला जातो तितका कुचकामी नव्हता. त्या वर्षीच्या मोहिमेत मरण पावलेल्या जॉर्ज मॅलरी यांचा मृतदेह १९९९ साली सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे पातळ थर आणि सर्वांत वर गॅबर्डिन, म्हणजे घट्ट विणीचे वारारोधक कापड, असल्याचे आढळले. हवा चांगली असताना चढाईला हे पुरेसे होते. उघड्यावर रात्र काढण्याची वेळ आल्यास नव्हते.

खरी दुबळी बाजू राहिली ती हातापायांची. बुटांचे लोखंडी खिळे बर्फाची थंडी थेट तळव्यांपर्यंत पोहोचवत. १९५० साली अन्नपूर्णेवरून उतरताना मोरिस हर्झोग यांचे हातमोजे घसरून गेले आणि हिमदंशामुळे, म्हणजे ऊती गोठून मृत झाल्यामुळे, त्यांना हातापायांची बोटे गमवावी लागली.

१९५३ च्या मोहिमेची तयारी शरीरक्रियातज्ज्ञ ग्रिफिथ प्यू यांच्या अभ्यासावर आधारलेली होती, आणि त्यात पिसांच्या कपड्यांवर सूत व नायलॉनच्या मिश्र कापडाचा वारारोधक थर होता. उंचावरच्या बुटांत सावरीच्या कापसासारख्या हलक्या तंतूंचे अस्तर भरले होते. तरीही २९ मेच्या पहाटे एडमंड हिलरी यांचे रात्री काढून ठेवलेले बूट गोठून दगडासारखे कडक झाले, आणि ते स्टोव्हवर मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले. पुढे प्रचारात आलेल्या दुहेरी बुटांत आतला बूट सुटा काढता येतो, त्यामुळे तो रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन उबदार ठेवता येतो.