टपावर टॉप क्लास! कॅरियरच्या खमंग गोष्टी

पिकअपवर कॅरियर बसवायचंय? थांबा, आधी टेप काढा! माहीत आहे का, तुषार सिंचनाचा पाइप साधारण 6 मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ 20 फूट. पिकअपचा हौदा जेमतेम आठ-नऊ फुटांचा. मग उरलेल्या पाइपनं जायचं कुठं? थेट वर, कॅबिनच्या डोक्यावर!

देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दकडे सोयाबीन निघालं की गहू-हरभऱ्याची घाई सुरू होते आणि पाण्याच्या पाइपांना पाय फुटतात. तिथं कॅरियर म्हणजे शोभेची वस्तू नाही, कामाची चीज आहे.

आता खरी गंमत ऐका. पिकअपची कॅबिन वेगळी आणि हौदा वेगळा, माहीत आहे का? दोन्ही एकाच चासीवर बसतात, पण प्रत्येकाचे बोल्ट स्वतंत्र. अगदी देवाससारखं! तिथंही गाव एकच, पण पवारांच्या गाद्या दोन होत्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. खड्ड्यात चाक गेलं की चासी पिळते, कॅबिन एकीकडे डुलते, हौदा दुसरीकडे. अशा वेळी कॅरियरचा पुढचा पाय कॅबिनच्या टपावर आणि मागचा हौद्यावर पक्का वेल्ड केलेला असेल, तर तुटणार कोण? वेल्डिंग! नाही तर टपाचा पत्रा फाटणार.

म्हणून माझं ठाम मत: जड माल न्यायचा असेल तर कॅरियरचे सगळे पाय हौद्याच्या फ्रेमवर उभे करा आणि पुढचं टोक कॅबिनवरून अधांतरी जाऊ द्या. टप आणि कॅरियरमध्ये चार बोटं जागा हवीच. गाडी कितीही डुलली तरी लोखंड पत्र्याला टेकता कामा नये. फॅब्रिकेशनवाला म्हणेल, ‘साहेब, टपालाच एक पट्टी मारून देतो, मजबूत होईल.’ गोड हसा आणि नाही म्हणा!

टपाची ताकद किती, माहीत आहे का? बऱ्याच कारना कंपनी टपावर 50 ते 100 किलोच परवानगी देते, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं! उभ्या गाडीचा टप याहून बराच जास्त भार सोसतो. धावताना मात्र प्रत्येक खड्डा तेच वजन हातोड्यासारखं आदळतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणातून एकदा तरी बाहेर काढाच.

चला, आता धार जिल्ह्यात! पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, आशियातला सर्वांत लांब. 29 जून 2021 रोजी त्याचं उद्घाटन कुणी केलं? आपल्या पुण्याच्या प्रकाश जावडेकरांनी. याच पीथमपुरात पुण्याच्या फोर्स मोटर्सचा कारखाना आहे. डोक्यावर बोचकी घेऊन गावोगाव पळणारी ट्रॅक्स तिथलीच!

वेगावरून आठवलं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा किती होतो? दुप्पट? छे, चौपट! 40 वरून 80 वर गेलात की रिकामं कॅरियरसुद्धा डिझेल प्यायला लागतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं 2016 मध्ये हिशेब मांडला होता: तिथल्या कार आणि हलक्या गाड्यांच्या इंधनातला सुमारे 0.8 टक्का हिस्सा नुसत्या टपावरच्या कॅरियरपायी जातो. म्हणून वेल्डिंगपेक्षा नट-बोल्टचं कॅरियर बेस्ट. हंगाम संपला की काढा, शेडमध्ये ठेवा.

थुले ही स्वीडनची कंपनी कॅरियरच्या दुनियेतलं बडं नाव. 1942 मधला तिचा पहिला माल काय होता? मासे पकडायचा सापळा! गाडीचं कॅरियर आलं 1962 मध्ये.

आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी? टपावर कॅरियर, कॅरियरवर ट्रंका, आत अख्खं कुटुंब! टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत झाली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून उतरली. तिच्या टपाला कडेनं पन्हळ असायची, त्यामुळे भोक न पाडता नुसत्या क्लॅम्पनं काम व्हायचं. तुमच्या गाडीला पन्हळ असेल तर तुमची मज्जाच!

नसेल आणि भोक पाडावंच लागलं, तर आधी आतलं अस्तर उतरवून वायर कुठून गेलीय ते बघा. भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर लावा, वर रबरी वायसर, मग सिलिकॉन. नट नायलॉकचा घ्या, खडखडाटानं सैल होत नाही. तरी पन्नास-शंभर किलोमीटर गाडी पळाली की पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा तपासा. नवं रबर दबतं आणि घट्ट वाटणारा बोल्ट ढिला पडतो.

दंडाचा आकडा माहीत आहे का? माल परवानगीपेक्षा बाहेर किंवा उंच गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार 20,000 रुपये, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा! पिकअप स्वतःच सोळा-सतरा फुटांची, म्हणजे 20 फुटी पाइप कॅरियरवर चढवूनही बाहेर डोकावणारच. भरपूर पाइप न्यायचे असतील तर सरळ मोठी गाडी सांगा. टपावर माणसं? कलम 123 नुसार साफ मनाई.

जाता जाता एक स्वस्त आणि मस्त ट्रिक. कॅरियरचा गोल पाइप वाऱ्यात शिट्टी मारतोय? त्याच्याभोवती नाडा तिरका गुंडाळा, वेढ्यावेढ्यात अंतर ठेवून. वारा पाइपच्या मागे एका तालात भोवरे सोडतो, त्यातून ती शिट्टी निघते. नाड्यानं तो ताल मोडतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांना वरच्या टोकाशी मळसूत्री पट्ट्या असतात ना? त्याही भोवऱ्यांचा ताल मोडायलाच बसवलेल्या असतात!