हाती घडवलेला रंधा : रचना आणि सौंदर्य

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रासारख्या औद्योगिक वसाहतीत यंत्र काही क्षणांत फळी सपाट करते. मग हाती घडवलेल्या रंध्याचा अभ्यास कशासाठी? कारण लाकूड कसे कापले जाते, हे त्यात डोळ्यांना दिसते.

रंध्याचे मुख्य भाग चार : लाकडी ठोकळा, पोलादी पाते, पाते घट्ट धरणारी पाचर आणि पात्याची धार जिथून बाहेर येते ते तोंड.

पाते साधारणपणे ४५ अंशांत बसवतात. शिसवीसारख्या कठीण लाकडासाठी कोन ५० ते ५५ अंश ठेवतात. त्यामुळे उलटसुलट तंतू उचकटण्याचे प्रमाण घटते. तोंड अरुंद ठेवण्याचे कारणही हेच. धारेपुढची कड तंतूंना दाबून धरते. तोंड चुकून रुंद कोरले, तर तिथे नवा तुकडा बसवावा लागतो.

ठोकळ्याचे लाकूड नीट वाळलेले हवे. नाहीतर तो पिळतो आणि तळ सपाट राहत नाही.

आता सौंदर्य कशात, ते पाहा. तळहात टेकतो तिथे गोलावलेली कड, पाचरीचा घट्ट बसणारा उतार. प्रत्येक रेषेला काम आहे.

करून पाहा : सुताराकडे जाऊन रंध्यातून निघणारा पापुद्रा हातात घ्या. तो सलग आहे की तुटक? त्यावरून कोन, तोंड आणि धार यांविषयी काय सांगता येईल?